हे वर्ष सरायच्या आत

प्रिय कारिन,

इथे नेब्रास्कात थंडी उतरली आहे. गुरं वाऱ्याकडे पाठ करून उभी असतात. तुझा भाऊ लोवेल माझी फार काळजी घेतो. स्वयंपाकही तोच करतो.

तुझे आजोबा गेले तेव्हा मागे राहिलेल्या मालमत्तेवरच्या वारसाकराची सूट साठ हजार डॉलरची होती, आणि कर भरायला नदीकाठचं कुरण विकावं लागलं. तुझे बाबा जन्मभर त्या कुंपणापाशी गाडी हळू करायचे. पुढे सूट वाढत गेली. पुढचा कर कमी व्हावा म्हणून करमाफ मर्यादेत आम्ही दरवर्षी तुम्हा दोघांना थोडं थोडं देतही आलो. पण जमिनीचे भाव त्याहून जोरात पळाले. गेल्या वर्षी सूट पस्तीस लाखांवर गेली. यंदा, २०१० साली, तर करच नाही! आणि एक जानेवारीपासून सूट पुन्हा दहा लाखांवर. वॉशिंग्टनमध्ये भांडणं चालली आहेत, कायदा बदलेलही म्हणतात. नाही बदलला, तर आपलं निम्मं रान जाईल.

थँक्सगिव्हिंगला हिशेबनीस हॅल्वर जेवायला आला होता. टर्कीचा तुकडा तोंडात कोंबत म्हणाला, "यंदा मरेल तो शहाणा, आर्डिसकाकू!" मी म्हटलं, "मेल्या, आधी ताटातली तंगडी तर संपव!" सगळे हसले. लोवेल हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, बाजारात म्हातारी गाय जोखावी तसा.

माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणाले होते, थांबू नका. मग लोवेल म्हणाला, "आई, त्यांनीच तारीख पुढे ढकलली. नवं वर्ष लागलं की बघू." मी मान डोलावली. गेल्या सोमवारी तो गोठ्यात असताना फोन वाजला. इस्पितळातली नर्स होती. "बाई, आता बरं वाटतंय ना? शस्त्रक्रिया तुम्हीच नको म्हणालात, असं तुमचा मुलगा म्हणाला."

मी फोन ठेवून दिला. रात्री त्याने मटणाचा रस्सा वाढला, मी जेवले. जिना चढताना धाप लागली की तो खालीच उभा राहून ऐकतो. परवा वर न बघताच म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी जमीन जाऊ दिली नसती." खरंच दिली नसती गं. तो दुष्ट नाही. तो नदीकाठच्या कुंपणाशी वाढलेला आहे.

फोन करू नकोस, तोच उचलतो. हे पत्र मी चर्चमधल्या इंगाच्या हाती देते आहे. नाताळाला आईला न्यायला आले, एवढंच म्हण आणि ये. लवकर ये. मला त्याची भीती वाटते म्हणून नव्हे. आज सकाळी हृदयाची रोजची गोळी न गिळता तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसले होते, आणि त्याचं म्हणणं मला पटू लागलं होतं.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई