काशीरामाची खाण आणि माझा बॉरो-पिट

१२ ऑक्टोबर १९३४
विहिरीचं पाणी लाल. आंघोळ करून बाहेर आलो तर सगुणा म्हणाली, गेरू फासून घेतलात की काय? धोतर कामातून गेलं. हा काशीरामाचा उद्योग. चुलतभाऊ कसला, चुलतवैरी! वर कातळाच्या सड्यावर चिऱ्याची खाण काढलीन आणि तिच्यात साचलेलं लाल पाणी खुशाल वहाळात सोडतो. वहाळ येतो माझ्या विहिरीवरून. ठरलं. सूड. पी.डब्ल्यू.डी.त ओव्हरसियर होतो मी. पाणी कसं चालतं ते मला कुणी शिकवू नये.
कंपाउंडच्या भिंतीचं काम जोरात. भिंत एवढ्याचसाठी, की काशीरामाचं थोबाड दिसू नये. चिरे घरचेच, विहिरीमागे खणून काढतोय. ही खाण नव्हे. याला बॉरो-पिट म्हणतात.

१३ ऑक्टोबर
काशीरामाकडे जाऊन खडसावलं. म्हणाला, "दादा, चार दीस गाळून प्या, मी बघतो कायतरी." वर शहाळं फोडलंन. प्यालो. शहाळ्यानं वैर मिटत नाही.

२९ ऑक्टोबर
पाणी लालच. सगुणा खालच्या वाडीतल्या आसियाबीच्या विहिरीवरून पाणी आणते. चढण आहे जराशी. म्हणाली, कंबर मोडली माझी, हे असंच चाललं तर दापोलीला भावाकडे जाईन. बायकांना सुडातला पेशन्स नसतो.
बॉरो-पिटला झरा लागला. चांगला जिवंत. रघू गडी रोज उपसून पाणी चरात टाकतो. चर मी स्वतः आखलाय, ग्रेडियंट फर्स्ट क्लास. विहिरीच्या कठड्याला लागून जातो. पण लागून जाणं वेगळं आणि आत जाणं वेगळं.

१८ नोव्हेंबर
हद्दीवर वहाळात बांध घातला. दगड, माती, झाडांचे टाळ, सगळं पक्कं. आता त्याचं लाल पाणी उलटं त्याच्याच मळ्यात. बुडू दे मेल्याला!
रात्री झोप उत्तम.

९ डिसेंबर
बांधामागे गाळ खाली बसला, वर पाणी निवळशंख. मेला त्या पाण्यावर मुळा-वांगी करतोय! टोपलीभर माझ्याकडे पाठवलंन, वर निरोप, "दादांचे उपकार." चक्क अपमान. वांगी पुरावा म्हणून ठेवणार होतो, पण टिकली नसती. भरून खाल्ली. दोनदा.
आमची विहीर अजून लाल. याचा अर्थ सरळ आहे. चोर आता जमिनीखालून पाणी पाठवतोय.

२० जानेवारी १९३५
काशीरामाची खाण बंद. वहाळ ठणठणीत कोरडा. विहीर लाल. सगुणा म्हणाली, आता तरी त्या मागच्या खड्ड्याकडे बघा. खड्डा आणि बॉरो-पिट यांतला फरक तिला नीट समजावून सांगितला. चहा मिळाला नाही.

२३ मार्च
शिमगा. पालखी अंगणात आली. सायन्स थकलं की देव! गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलं, शब्द माझे: "जो कोण या विहिरीचं पाणी नासवत असेल, तो आपल्या हातानं निस्तरीपर्यंत त्याच्या घरचं माणूस त्याला पाण्याचा थेंब न देवो!" अख्खा गाव गरजला, "व्हय म्हाराजा!" काशीरामही ओरडला, निर्लज्ज. सगळ्यात मोठा आवाज सगुणेचा. शेवटी बायको ती बायको.
आता तडफड बघतो त्याची.

२४ मार्च, सकाळ
पाणी मागितलं. सगुणा जागची हलली नाही. म्हणाली, गावानं देवासमोर व्हय म्हटलंय, मोडणारी मी कोण? भरलेली कळशी समोरच होती. हात पुढे केला, तर असं बघितलंन की हात मागे घेतला.

२४ मार्च, दुपार
घसा सुकला. गाऱ्हाण्यात "घरचं माणूस" असा शब्द आहे, म्हणजे परक्याचं चालतं. वैऱ्याइतकं परकं कोण? काशीरामाकडे गेलो. तांब्या हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, आमी पन घरचीच मानसं."
इतकं गोड बोलायचं काय कारण होतं?

२५ मार्च
बॉरो-पिट बुजवायला घेतला. निव्वळ टेक्निकल कारणासाठी. आपल्या हातानं, असं गाऱ्हाण्यात आहे, म्हणून रघूला लावता येत नाही. आसियाबी वाटेनं जाताना लोटीभर पाणी देऊन गेली. तिला घरचं कुणी म्हणू शकत नाही, एवढीच फट राहिलीय.

२८ मार्च
माती पुरेना. भिंतीचे चिरे उतरवून खड्ड्यात घालतोय. पलीकडून काशीराम एकेक चिरा हातात देतो. नको म्हटलं तर म्हणतो, "कंबर धरंल, दादा." भिंत अर्धी गेली. त्याचं थोबाड आता ओटीवरून सरळ दिसतं.

१० एप्रिल
विहीर निवळली. तळ दिसतो. काशीरामाच्या खाणीचा यात काही संबंध नव्हता, असं सिद्ध झालेलं नाही.
सगुणेनं स्वतः पाणी शेंदलं. पहिला तांब्या काशीरामाला दिलान.