कातरणीआधीचा अंदाज

१९ नोव्हेंबर
लक्षद्वीपच्या पश्चिमेला ढगांचा गोळा. अजून नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. युरोपचं मॉडेल ते ओमानकडे नेतंय. अमेरिकेचं मध्येच उत्तरेला वळवतंय. तसं झालं तर त्याच्या शेपटीचा पाऊस आपल्यावर. अकरावीच्या भूगोलाच्या तासाला हाच नकाशा फळ्यावर काढला. मागच्या बाकावरून: "मॅडम, कॉलेजला सुट्टी पडंल का?"

कोंडाजी धनगरांचा वाडा, माणसं-मेंढरं-घोडी सगळा तळ, कालपासून आमच्या रानात. नवऱ्याने, अशोकने, दिवाळीतच त्यांना गाठून ठेवलं होतं: कोकणात उतरायच्या आधी यंदा मेंढरं आमच्याकडेच बसवायची. रात्री मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत आपसूक पडतं. कांदा लावायचाय. बदल्यात ज्वारी.

२० नोव्हेंबर
संध्याकाळी कोंडाजी आणि त्यांची बायको सखुबाई ओट्यावर आले. लोकर कातरणारे उद्या मोकळे आहेत, नंतर दुसऱ्या वाड्यावर जाणार.
"बाई, तुमी त्या समुद्राचं बघता. पानी हाय का न्हाई तेवढं सांगा. कातरलं आन् भिजलं, तर गारठ्यानं मेंढरू राहत न्हाई."
मी दोन्ही मॉडेलं समजावायला लागले. सखुबाई हसल्या. "दोन नवरे केल्यावानी बोलू नका, बाई. एकाचं नाव घ्या."
मी युरोपचं घेतलं. "कोरडं राहील, कातरा," म्हणाले. हवामान खात्याच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी सरी' होतं. वाचलं होतं. सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर
दिवसभर कात्र्या. कातरलेली मेंढरं एकदम लहान दिसतात, टक्कल करून शाळेत पाठवलेल्या पोरांसारखी. लोकरीच्या ढिगावर सखुबाई मांडी घालून. "घ्या की बाई, गादी करा. समुद्राचं बघत झोपा."
अशोक खुशीत. "अजून दोन-तीन रात्री राहिले तर खालचा पट्टाही होईल."

२२ नोव्हेंबर
सकाळचं उपग्रहाचं चित्र. वळलंय. उत्तरेकडून आलेल्या द्रोणीने, कमी दाबाच्या पट्ट्याने, ओढून घेतलंय. युरोपवाल्यांनीही रात्रीतून रेघ बदलली. म्हणजे काल ज्याच्या भरवशावर कातरलं...

तास सोडून रानात गेले. सांगितलं.
सखुबाई: "मंग आता केस परत चिकटवू का त्यांच्या अंगाला?"
आडोसा कुठला? नुसता माळ. अशोकने कांद्याची रिकामी चाळ उघडून दिली. कोकरं आणि गाभण मेंढ्या आत घातल्या, बाकीच्यांना ताडपत्र्या. दुपारनंतर आभाळ खाली आलं.

२३ नोव्हेंबर
पाऊस. वारा. थांबतच नाही.
चाळीत गेले. फळ्यांच्या फटींतून वारा आरपार, तळातूनही. कांदा सडू नये म्हणून चाळ बांधतातच तशी. चाळ आमची, फटी ठेवून घेतल्या आम्हीच. काल दोघांच्याही लक्षात आलं नाही. अशोक आणि कोंडाजी फटींना पोती ठोकत होते. उशीर झाला होता.
जास्त लिहवत नाही.

२४ नोव्हेंबर
उघडलं. गुरांचे डॉक्टर, तलाठी, पंचनामा. तलाठी आकडा विचारत होते, सखुबाई नावं सांगत होत्या. चांदी. मोरी. बांडी आणि तिची दोन्ही. तलाठ्यांनी पेन खाली ठेवलं.
कोंडाजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मुंग्या निवांत हुत्या. वारं बी बरूबर हुतं. म्या बी बघितलंच हुतं की. दोघं बी चुकलो, बाई." धीर द्यायला म्हणाले. मला तो घेता येईना.
अशोक: "तू काय समुद्र वळवलास का?"
नाही.

२५ नोव्हेंबर
पण युरोपचंच का घेतलं?
या मोसमात ते जास्त वेळा बरोबर आलंय. हे खरं आहे, कुणालाही दाखवता येईल.
दुसरंही खरं आहे. पाऊस सांगितला असता तर वाडा दुसऱ्या दिवशी उजाडताच डोंगराच्या कुशीला गेला असता, आणि अर्धं रान खताविना राहिलं असतं. त्या संध्याकाळी हे माझ्या मनात होतं का? 'नव्हतं' असं लिहिलं आणि खोडलं. 'होतं' लिहिलं, तेही खोडलं. आठवतच नाही. आठवत नाही की आठवायचं नाही?
अशोकला विचारलं नाही. त्याला विचारलं तर तो स्वतःला विचारत बसेल.

२७ नोव्हेंबर
वाडा हलला. वाचलेल्यांच्या पाठीवर पोत्यांच्या झुली शिवून बांधल्यात. ज्वारी घोड्यावर लादली. चहा केला होता. कोंडाजी प्यायले, सखुबाईंनी घेतला नाही.
खालचा पट्टाही झाला. रान काळंभोर दिसतंय. अशोक रोपं आणायचं बोलत नाही, मीही नाही.

१ डिसेंबर
समुद्रात पुन्हा एक. मॉडेलं पुन्हा दोन वाटांना. गावातल्या कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं.
दुपारी कोंडाजींचा फोन, आळेफाट्याच्या पुढून. "बाई, माळशेज उतरू का थांबू? हितं चारा न्हाई. थांबलो तर उपाशी, उतरलो आन् घाटात गाठलं तर..."
"मला विचारू नका. खात्याचं बघा."
"बघितलं. 'घाटमाथ्यावर काही ठिकाणी' म्हनत्यात. आमी उभं हाय ते त्यातलं ठिकान हाय का न्हाई, ते कोन सांगनार?"
मागून सखुबाई: "तिला कशाला इचारताय परत!" मग झटापट झाल्यासारखा आवाज, आणि फोनवर त्याच.
"बाई. ह्या बारीला आमी तुमच्या रानात न्हाई. आता सांगा."

दोन्ही मॉडेलं सांगितली, या खेपेला पत्रकही वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. शेवटी मी म्हणाले, "थांबा."
"बरं," म्हणाल्या. फोन बंद.

हे मी नकाशा बघून म्हणाले की त्यांच्या त्या वाक्याला भिऊन? चारा नसताना थांबा म्हणणं मला फार सोपं गेलं.

२ डिसेंबर
इथे लख्ख ऊन. फोन तीनदा लावला, लागत नाही. थांबलेत की उतरलेत? रेंज नसेल. किंवा घेत नसतील.
अशोक सकाळपासून चाळीच्या फटींना आतून फळ्या मारतोय. कांदा कसा ठेवणार, असं मी विचारलं नाही.
सकाळचं चित्र आलंय. उघडते.