शून्याचा आठवडा

११ मे, सोमवार

"मुलगी चांगली आहे, फक्त हो म्हणायची फार घाई करते." बावीस वर्षांपूर्वी सासूबाई हे म्हणाल्या होत्या. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले होते आणि निघताना दाराबाहेर चपला घालत होते. त्या आत, मी बाहेर, आणि आवाज बरोब्बर मला ऐकू येईल एवढा! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या त्या. कुठला आवाज कुठवर पोचतो हे त्यांना नेमकं कळतं.

आज आठवलं, कारण आज पुन्हा तेच केलं. सचिवसाहेब म्हणाले, "साथीचं रोजचं पत्रक तुम्हीच कराल का?" त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून मोकळी. आरोग्य खात्याच्या माहिती कक्षात अठरा वर्षं झाली. आजवर डासांवर आणि हात धुण्यावर लिहिलं. आता रोज सहा वाजता आकडे — नवे रुग्ण, बरे झालेले, गेलेले. साडेसहाला मंत्री ते टीव्हीवर वाचणार.

घरी आले तेव्हा सासूबाई टीव्हीसमोरच.

"'परिस्थिती नियंत्रणात असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये.' हे तू लिहिलंस?"

"हो, आई."

"मघापर्यंत मला भीती वाटत नव्हती गं."

घरात आम्ही दोघीच. नवरा जहाजावर इंजिनिअर. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, कुणालाही उतरू देत नाहीत. त्याला म्हणे किनारा दिसतो.

१२ मे

घराबाहेर पडायला पास लागणार. पास घ्यायला स्वतः यावं लागणार. यायला पास लागणार. तसं पत्रक केलं. तीन जणांनी तपासलं, कुणी हसलं नाही.

१३ मे, बुधवार

मंत्र्यांची नवी कल्पना. उद्या संध्याकाळी पाच वाजता साऱ्या देशानं एकाच वेळी दीर्घ श्वास घ्यायचा! त्यानं फुप्फुसांचा आत्मविश्वास वाढतो. आदेशाचा मसुदा मीच केला.

सासूबाईंनी दोनदा ऐकला. म्हणाल्या, "आणि सोडायचा कधी?"

खूप हसलो दोघी. आठवडाभरात पहिल्यांदा.

१४ मे, गुरुवार

हसायला नको होतं. सकाळपासून तोच प्रश्न घेऊन फोन. एका शाळेच्या मुख्याध्यापिका — पुढचा आदेश येईपर्यंत रोखून धरायचा का? एक अधिकारी म्हणाले, तोंडी चालणार नाही, सोडण्याबद्दल लेखी द्या. पाचला वीस मिनिटं कमी असताना पुरवणी पत्रक काढलं — "घेतलेला श्वास नागरिकांनी आपापल्या सोयीने सोडावा." सचिवसाहेबांनी 'आपापल्या सोयीने' खोडून 'टप्प्याटप्प्याने' केलं.

पाच वाजता, दुसरे कसा श्वास घेतात ते बघायला ऑफिससमोरच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं रस्त्यावर! खांद्याला खांदा लावून. पोलीस भोंग्यावरून ओरडतोय, अंतर ठेवा, अंतर ठेवा — त्याचा मास्क हनुवटीवर.

सहाचं पत्रक करून मी घरी पोचले तेव्हा सासूबाई खिडकीतच होत्या; आमच्या गल्लीतही तेच झालं होतं. "बैल गेला नि झोपा केला हे ऐकलं होतं," म्हणाल्या. "हे तर बैल घरात असताना दार सताड उघडून टाळ्या वाजवताहेत."

१५ मे, शुक्रवार

खात्यात पळापळ. हे नीट लिहून ठेवते, उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

माणूस साथीनं गेला की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत. ते एक समिती ठरवते, सात जणांची. देशभरातले कागद तिच्याकडे येतात. मधुमेह असेल तर मधुमेहानं गेला. म्हातारा असेल तर वयानं. उरलेले साथीचे. ठरेपर्यंत माणूस 'विचाराधीन'. बैठकीला किमान पाच जण हवेत आणि सह्या जाड नोंदवहीतच व्हायला हव्यात.

आज सातांतले तीन जण आजारी पडले. साथीनंच! उरले चार. शिवाय इमारतीत रुग्ण सापडला म्हणून समितीच्या खोलीला सील. नोंदवही आत.

आता समिती बसणार नाही. म्हणजे आजपासून या देशात कुणी साथीनं मरू शकत नाही.

मी हे सहज म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं दचकून पाहिलं. त्याला आम्ही स्वल्पविराम म्हणतो, दर दोन शब्दांनी थांबतो म्हणून. "मॅडम, हळू, बोला."

१६ मे

सासूबाई खोकल्या. "धूळ," म्हणाल्या. घरात धूळ कुठली? सकाळीच त्यांनी कपाटाच्या वरचंसुद्धा पुसलं होतं.

१७ मे, रविवार

ताप. दोन तास हॉस्पिटलच्या गाडीची वाट. तेवढ्यात त्यांनी स्वतःची पिशवी स्वतः भरली — चष्मा, छोटा रेडिओ, शब्दकोड्यांचं पुस्तक, दोन पेन्सिली. मी मध्ये मध्ये करत होते तर म्हणाल्या, "तू नुसती बस. तुझ्यामुळे मी विसरते."

दारात गाडीवाल्यांनी मला अडवलं. नातेवाईक नको. तो नियम मीच टाइप केला होता, मंगळवारी.

"पत्रक नीट लिही हं," गाडीतून म्हणाल्या. "तिथं मला दुसरा उद्योग नाही, ऐकणार आहे मी."

१८ मे, सोमवार

पावणेसहा वाजता पत्रक अडलं. कॉम्प्युटरवर मृत्यूचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. समितीकडून आकडा नाही. शुक्रवार ते रविवार जुन्या बैठकीतले उरलेले आकडे थोडे थोडे करून भरले, आज तेही संपले. रिकामा सोडला तर लाल अक्षरं — 'हा रकाना भरणे आवश्यक आहे'. आडवी रेघ टाकून पाहिली. 'येथे फक्त अंक चालतात'. खालून मंत्र्यांच्या माणसाचे फोनावर फोन.

स्वल्पविराम म्हणाला, "शून्य टाका, म्हणजे, पुढं जाईल."

टाकलं. पुढं गेलं.

साडेसहाला मंत्र्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आवाज भरून आला. "आज देशात एकही मृत्यू झालेला नाही."

बाहेर फटाके!

१९ मे

सचिवसाहेबांकडे गेले. म्हटलं, "सर, ते शून्य म्हणजे समिती बसली नाही एवढंच. माणसं जाताहेत."

त्यांनी शांतपणे पेनचं टोपण लावलं. "लोक आनंदानं रडताहेत, पाहिलंत? परदेशातून विचारणा आली, कसं केलंत म्हणून. आता तुम्ही जाऊन मंत्र्यांना सांगणार आहात का?"

"नाही सर."

"मग आजचं करा."

हो म्हटलं. शून्य टाकायला आज कालच्याइतका वेळ लागला नाही.

२० मे, बुधवार

अकरा वाजता वॉर्डातून नर्सबाईंचा फोन येतो. दोन मिनिटं मिळतात. आवाजावरून तरुण वाटतात, पण सगळ्या शब्दांना थकवा आहे.

"ताप उतरलाय. श्वास लागतो थोडा. आणि ताई, त्या विचारतायत — दोन दिवस शून्य आहे, मग त्यांच्या शेजारच्या दोन खाटांवरच्या बायका सकाळी गेल्या कुठे?"

म्हटलं, "सांगा, मी नंतर सांगते."

"त्या म्हणाल्याच, ती असंच म्हणेल म्हणून."

२१ मे

आजारी पडलेले तिघेही सदस्य बरे झाले. खात्यात घबराट! खोलीचं सीलही निघालंय, ते कामावर आले तर समिती बसणार. समिती बसली तर शुक्रवारपासूनचे गेलेले एकदम मोजले जाणार. लगेच आदेश — सदस्यांना सक्तीची विश्रांती, मुदत बेमुदत.

त्यांतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा फोन थेट मला. "बाई, मी ठणठणीत आहे हो! सकाळपासून बागेत वाफे खणतोय. मला कामावर घ्या, नाहीतर बायको पुढचं अंगणही खणायला लावील."

पत्रकात गेलं — 'सदस्यांची प्रकृती अद्याप नाजूक'.

२२ मे, शुक्रवार

रविवारी सात दिवस पुरे होतात. सोमवारी 'शून्य सप्ताह' म्हणून सोहळा. बोधचिन्हावर दीड तास बैठक. चित्रकारानं मोठं शून्य काढून आणलं. मंत्री म्हणाले, फार रिकामं वाटतं. मग आत हसरा चेहरा आला. मग चेहऱ्याला मास्क हवा की नको यावर वाद. मास्क लावला तर हसू दिसत नाही, काढला तर नियमभंग. शेवटी चेहरा पाठमोरा करायचं ठरलं.

या बैठकीचा वृत्तांत मी लिहिला. एकाही शब्दाशी अडले नाही. हेच लिहून ठेवायचं होतं — अडले नाही.

२३ मे, शनिवार

आज नर्सबाईंनी फोन सासूबाईंच्या कानाला धरला. आधी नुसता श्वास. मग, "जेवलीस?"

"हो. आई, तुम्ही बऱ्या होताय. डॉक्टर म्हणाले."

"कुठले डॉक्टर? इथं दोन दिवसांत आलेले नाहीत." थांबल्या. पुन्हा दम घेतला. "तीस वर्षं लोकांचं ऐकलंय मी. खोटं बोलायच्या आधी माणूस जरासा अडतो. तू आत्ता अडलीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चिडले नाही गं. माझं एक ऐक. त्या दोघी बायका. एक शिंपीण होती, दुसरी काय करायची ते सांगायला तिला दम नव्हता. त्यांना नाही मोजलं कुणी. मला मोजतील ना?"

"हो," म्हटलं. लगेच. त्यांच्या तोंडातून शब्द पुरा पडायच्या आत.

"बघ हं," म्हणाल्या, आणि दोन मिनिटं संपली.

२४ मे, रविवार

सकाळी नऊला फोन. अकराला नाही, नऊला. म्हणून उचलायच्या आधीच कळलं.

नर्सबाई रडत होत्या. मग एकदम कामाचा आवाज काढून म्हणाल्या, "ताई, फॉर्ममध्ये मला 'मृत' लिहिता येत नाही. समितीचा क्रमांक मागतो. 'उपचार पूर्ण' आहे आणि 'विचाराधीन' आहे. काय लिहू?"

मला विचारलं! मी त्या फॉर्मचं सूचनापत्रक केलं आहे ना.

"विचाराधीन लिहा," मी म्हटलं.

सुट्टी मागितली. सचिवसाहेब हळहळले, खरंच हळहळले, पाणी दिलं. म्हणाले, "आजचा सातवा दिवस. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. तेवढं पत्रक करून जा."

गेले. मृत्यूचा रकाना आला. बोट शून्यावर ठेवलं. वय चौऱ्याहत्तर, डोक्यात कुठलेही पाच आकडे एका दमात लक्षात ठेवणारी, मुलापेक्षा मला जास्त बोलणारी बाई — आणि बोट दाबलं गेलं.

२५ मे, सोमवार

नवऱ्याशी बोलले. त्यानं आधी आई किती वाजता गेली ते विचारलं. मग म्हणाला, "कप्तान सोडायला तयार आहे. मृत्यूचा दाखला दाखवला तर बोट देतो म्हणतो."

दाखला समितीशिवाय नाही. दाखल्याशिवाय हॉस्पिटल आईंना आमच्या हाती देत नाही. शीतगृहातल्या माणसाला विचारलं, अशा किती आहेत? म्हणाला, "बाई, आम्हाला मोजायची परवानगी नाही. पण जागा संपलीय."

संध्याकाळी सोहळा. पाठमोऱ्या चेहऱ्याचे फुगे सोडले. मंत्री म्हणाले, या यशामागे अनेक अनामिक हात आहेत. स्वल्पविरामानं माझ्याकडे पाहिलं नाही. निघताना मात्र माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, माझा मामा, मंगळवारी," म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला आलंच नाही.

२६ मे, मंगळवार

अर्ज दिला. तिकडची प्रत हरवणार, म्हणून नक्कल इथे उतरवते. नकार परवापर्यंत येईल. नकाराचा नमुना मीच केलेला आहे, तेव्हा तो टाइप करायला माझ्याकडेच येईल.

"मा. सचिव, आरोग्य खाते.

दि. १८ ते २४ मे या सात दिवसांच्या पत्रकांत मृत्यूच्या रकान्यात शून्य आहे. ते मी भरले आहे. ते खोटे आहे, हे भरताना मला ठाऊक होते. बाकीच्यांची नावे मला माहीत नाहीत. एकीचे माहीत आहे. तिचे नाव, वय आणि वेळ सोबत जोडली आहे.

दि. २४ च्या पत्रकात शून्य काढून तिथे किमान एक लिहू द्यावे, ही विनंती."