चपळाईचा पहिला हंगाम

३ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून मी कायापालटप्रमुख. दारावर तशी पाटी लागली. अक्षरं जरा बारीक आहेत, बदलून घ्यायला हवीत.

सासरे नाताळच्या जेवणात निवृत्त होणार आणि होल्टग्रेव्ह प्लाऊ कंपनीचा नवा अध्यक्ष तिथेच जाहीर करणार. "तोवर एक हंगाम सांभाळून दाखव," एवढंच म्हणाले. म्हणजे ठरल्यात जमा. त्यांना मुलगा नाही. मुलगी एकच, आणि तिचा नवरा मी. त्या दिवशीच्या भाषणाचा मसुदा आजच सुरू केला.

काम मात्र मोठं आहे. तीन पिढ्या ही माणसं ट्रकच्या तोंडाला लावायची, बर्फ ढकलायची पाती बनवताहेत आणि त्या पात्यांसारखीच जमिनीला चिकटून बसली आहेत. बाजार कुणाच्या आजोबांना ओळखत नाही. ज्या कंपन्या वेळेवर बदलल्या नाहीत त्यांच्या शेडा मी पाहिल्या आहेत: दाराला गंज, खिडक्यांतून गवत, आणि आवारात कुणाचंतरी कुत्रं. इथे तसं होऊ देणार नाही.

संकल्प: रोज सकाळी धावणे. आठवड्याला एक भाषण. कुणाशीही नरमाईने न वागणे.

५ सप्टेंबर, गुरुवार
पहिलं भाषण. मशीनं बंद करवून सगळ्यांना एकत्र केलं. म्हणालो, चपळाई म्हणजे घाई नव्हे. चपळ कंपनी ती, जिच्या एका अवयवाला काटा टोचला की दुसऱ्याला तत्क्षणी कळतं. वरून हुकूम यायची वाट न बघता जी वळते, ती जगते. बाकीच्या मरतात, आणि मेल्याचं त्यांना सगळ्यात शेवटी कळतं.

भाषण संपल्यावर सगळे जागच्या जागी उभे. भारावले असावेत. मग बर्निस कुचिन्स्की पुढे आली. उत्पादनाचं वेळापत्रक तिच्याकडे असतं, आणि जिभेला हाड नाही. विचारते, "जावईबुवा, झालं असेल तर भोंगा वाजवू का? भट्टी थंड होतेय."

जावईबुवा! लग्नाला अठरा वर्षं झाली. माझं नाव क्लेटन आहे. ते अख्ख्या कारखान्याला माहीत आहे आणि कुणीही वापरत नाही.

धावणं उद्यापासून. आज घसा बसलाय.

१० सप्टेंबर, मंगळवार
खाती मोडली. खातं हा शब्दच मला नको आहे. त्याऐवजी तीन तुकड्या केल्या: लांडगे, ससाणे, अस्वलं. रंगकामवाल्यांना अस्वलं केलं, तर त्यांनी एकजात पोटदुखीची रजा टाकली. अस्वलं हे शिकागोच्या, म्हणजे इथल्यांच्या हाडवैरी, फुटबॉल संघाचं नाव आहे, हे मला काय माहीत नाही? मी तिकडचाच. पण विस्कॉन्सिनमधल्या प्रौढ, पोराबाळांच्या माणसांनी त्यावरून पोट दुखवून घ्यावं? बर्निस म्हणाली की मी चर्चला आग लावली असती तरी लोकांनी एवढं मनावर घेतलं नसतं.

अस्वलांचे बीव्हर केले. ही माघार नाही. यालाच चपळाई म्हणतात.

१६ सप्टेंबर, सोमवार
रोज सकाळी उभ्याने बैठक सुरू केली. उभा माणूस थोडक्यात बोलतो, असं सगळ्या मोठ्या कंपन्यांनी सिद्ध केलंय. इथे उभा माणूस बोलतच नाही. काय अडचण आहे विचारलं की म्हणतात, "काही वाईट नाही." काय प्रगती आहे विचारलं तरी, "काही वाईट नाही." हे लोक मरणशय्येवरूनही डॉक्टरला हेच सांगत असतील.

रंगकामाचा लायल गुडघ्यांचं कारण सांगून शिकारीचं घडीचं स्टूल घेऊन आला. मी दुर्लक्ष केलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
सगळ्यांनी स्टुलं आणली. एकाने थर्मासही.

२४ सप्टेंबर, मंगळवार
रोगाचं मूळ सापडलं.

जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यातल्या टेबलावर चौघं पत्ते कुटतात. बर्निस, लायल, खरेदीची टेरेसा आणि माल रवाना करणारा आर्व्हिड. वर्षानुवर्षं तीच चौघं. खेळ युकर, म्हणजे आठापर्यंतचे सगळे पत्ते आधीच काढून टाकतात. ज्यांना अख्खी गड्डी झेपत नाही ते बाजार काय काबीज करणार?

आज कॉफी घेऊन मुद्दाम मागे उभा राहिलो. टेरेसा पत्ता टाकता टाकता म्हणाली की पोलाद गुरुवारशिवाय येत नाही. बर्निस म्हणाली, मग लहान पाती आधी घेते. लायल म्हणाला, असं असेल तर नारिंगी रंग आज कालवत नाही. आर्व्हिडने हुकूम मारला, ट्रक शुक्रवारी बोलावतो म्हणाला, आणि पुढचे पत्ते वाटले. ना अजेंडा, ना नोंद, ना कुणाची सही. धड खेळत नाहीत, धड काम करत नाहीत.

हे टेबल जाणार.

८ ऑक्टोबर, मंगळवार
टेबल गेलं. त्या जागी कल्पना-कोपरा केला: बसायला मऊ, गुबगुबीत पिशव्या, आणि भिंतभर पांढरा बोर्ड. नियम जाहीर केला की एका तुकडीने दुसरीला कामाचं काहीही तोंडी सांगायचं नाही. चिठ्ठी लिहायची, बोर्डावर चिकटवायची. नारिंगी म्हणजे तातडीची, निळी म्हणजे सवडीची. पत्त्यांना बंदी.

टेरेसा पिशवीत बसली ती तिला उठता येईना. दोघांनी ओढून काढली. आता चौघं दुपारी आपापल्या गाडीत बसून एकेकटी सँडविच खातात. केवढी शिस्त!

घरी मार्लिसने विचारलं, "टेबल काढलंस ते काढलंस. आता ती माणसं बोलणार कुठे?" म्हटलं, बोर्डावर. बायको आहे म्हणून सोडून दिलं. लग्नाच्या आधीपासून ती कंपनीत विक्रेत्यांचे फोन घेते. दिवसभर फोनवर कुणाच्या गाईला वासरू झालं ते ऐकणाऱ्या बाईला कायापालट काय कळणार?

२१ ऑक्टोबर, सोमवार
विमानतळाची पाती पिवळी हवी होती, नारिंगी झाली. लायलला बोलावलं. त्याचं म्हणणं, चिठ्ठी नारिंगी होती. चिठ्ठीचा रंग तातडीचा असतो, मालाचा नसतो, हे मी दोन भाषणांत सांगितलंय, म्हटलं. बर्निसला ठाऊक होतं की पिवळा हवा. मग लायलला सांगितलं का नाही? ती म्हणाली, "तोंडी सांगायचं नाही ना, जावईबुवा. निळी चिठ्ठी लावलीय. सवडीने वाचेल तो."

यालाच विरोध म्हणतात. उघड नसतो, म्हणून जास्त घातक. पुस्तकांत यावर अख्खी प्रकरणं आहेत.

धावणं थंडीमुळे स्थगित.

४ नोव्हेंबर, सोमवार
काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, ऑर्डर पक्की. रस्तेखात्याच्या सगळ्या ट्रकना नवी पाती, पहिल्या मोठ्या बर्फाच्या आत. सासऱ्यांनी स्वतः येऊन सांगितलं की काउंटी आपल्याकडून घेते ते पात्यासाठी नाही, शब्दासाठी. मग म्हणाले, "एवढं नीट पार पाड. मी बाकी काही बघणार नाही." हे त्यांनी मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. अध्यक्षपदाच्या भाषणात एक परिच्छेद वाढवला: 'वारसा आणि वेग'.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
बोर्ड तुडुंब भरलाय. साचलेपण हाच तर शत्रू. आठवड्याहून जुन्या सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने काढून कचऱ्यात टाकल्या. त्यांत टेरेसाची एक होती: काउंटीच्या ट्रकना पातं ज्यावर बसतं त्या लोखंडी चौकटींचं पोलाद अडलंय, पाती पाठवू नका. नेहमीचा रडका सूर. अशा सुराने कंपन्या बुडतात. बोर्ड आता कसा स्वच्छ, मोकळा दिसतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार
आज दिवसभराची कायापालट परिषद. हजेरी सक्तीची. 'चपळ व्हा किंवा चालते व्हा' असा फलक.

हॉलमध्ये मी एकटा. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. हे मला कुणीही सांगितलं नाही. म्हणजे सांगायची गरज आहे असं कुणाला वाटलं नाही. सासरेही बंदूक घेऊन गेलेत, आणि मार्लिससुद्धा.

भाषण तरीही पूर्ण केलं. वक्त्याने श्रोत्यांवर अवलंबून राहू नये. मागवलेल्या केकचा कोपरा खाल्ला.

२ डिसेंबर, सोमवार
विजय! काउंटीची सगळी पाती वेळेआधी रवाना. आर्व्हिड ट्रक भरताना माझ्याकडे बघत होता. काही म्हणायचंय का, विचारलं. म्हणाला, "चिठ्ठीवर लिहिलं होतं." लिहिलं होतं तर झालं, म्हटलं. व्यवस्था अशी चालायला हवी. माणसांनी मधे मधे बोलायला नको.

३ डिसेंबर, मंगळवार
काउंटीच्या रस्तेप्रमुखाचा फोन. एका वाक्यात बोलला: "पाती पोचली क्लेटनराव, आता ट्रकला काय सुतळीने बांधू?"

चौकटी गेलेल्याच नाहीत. बनलेल्याच नाहीत. पोलाद आठवड्यापूर्वीच आलंय, पण ते खरेदीवाल्या ससाण्यांच्या अंगणात पडलंय आणि वेल्डिंगवाल्या लांडग्यांना त्याची चिठ्ठी मिळालेली नाही. तातडीची बैठक घेतली. एकेकाला विचारलं, दोषी कोण? सगळे स्टुलांवर बसून होते. बर्निस म्हणाली, "आम्हाला बोलायची परवानगी आहे का, ते आधी ठरवा."

उद्या संध्याकाळी मोठा बर्फ, असा हवामानाचा अंदाज आहे. अंदाज बऱ्याचदा चुकतात.

५ डिसेंबर, गुरुवार
अंदाज चुकला. बर्फ काल सकाळीच आला.

काल काय घडलं ते नीट नोंदवून ठेवतो, कारण पुढे लोक वेगळं सांगतील. दहाच्या सुमाराला शाळा बंद झाल्या, अकराच्या सुमाराला रस्ते. बर्निसची नात डायलिसिसला जायची होती, ती घरात अडकली. मी मार्गदर्शनपर भाषणाची तयारी करत होतो. तेवढ्यात मार्लिस फोन सोडून आली. तिने पॅकिंगचं बाकडं ओढलं, चौघांना त्याच्याभोवती बसवलं, स्वतः पाचवी होऊन मधे उभी राहिली आणि म्हणाली, "पत्ते नकोत. बोला."

मी तिला परवानगी दिली. ती आधीच सुरू झाली होती, हा तपशील आहे.

टेरेसा म्हणाली, पोलाद इथेच आहे. बर्निस म्हणाली, विमानतळाचं काम उतरवते, सगळे वेल्डर चौकटींवर लावते. लायल म्हणाला, रंगासाठी थांबू नका, उघड्याच जाऊ देत, वसंतात रंगवून देईन. मार्लिसने कुठल्याशा विक्रेत्याला फोन लावला. तोच तो, गाईवाला. त्याच्या गोठ्यामागे गेल्या वर्षीच्या, मापात बसणाऱ्या चौकटी पडून होत्या, आणि हे तिला पाठ होतं. आर्व्हिडने ट्रकपुढे आपलं पातं चढवलं आणि स्वतःचा रस्ता स्वतः काढत निघाला. माझी कॉफी संपायच्या आत हे सगळं ठरलं. पुन्हा नोंद नाही, पुन्हा सही नाही.

दिवस मावळायच्या आत काउंटीचे पहिले ट्रक रस्त्यावर होते. बर्निसची नात पोचली.

सासरे दारात उभे राहून सगळं बघत होते. शेवटी मला एकच प्रश्न विचारला, या चौघांनी हे तुला आधी कधी सांगितलं नव्हतं का? म्हटलं, बोर्डावर असेल. ते "हं" म्हणाले. इथल्या माणसांच्या 'हं'चा अर्थ चांगलाही असतो.

एकूण काय, संकटात कंपनीची चपळाई दिसून आली. तीन महिने मी ज्यासाठी घसा फोडतोय ते हेच. अध्यक्षपदाच्या भाषणात उदाहरण म्हणून घालतो.

२१ डिसेंबर, शनिवार, सकाळ
काल नाताळचं जेवण. हॅम, बटाटे, ब्रँडी. अख्खा कारखाना, बायकापोरांसकट. भाषण कोटाच्या आतल्या खिशात होतं.

सासरे उठले. भाषण करायची त्यांना कला नाही. म्हणाले, हंगाम बघितला. कंपनी बदलायला हवी हे खरं आहे, जावयाचं तेवढं बरोबर आहे. मग म्हणाले, "म्हणून ती घरातल्याच माणसाच्या हातात देतोय."

मी उठलो. कोटाचं बटण लावलं, खुर्ची मागे सारली आणि दोन पावलं माइककडे टाकली.

"मार्लिस," ते म्हणाले.

हॉल तसाच बसलेला. उभा मी एकटा, मधोमध, सगळ्यांच्या नजरेसमोर, हात खिशात. परत बसणं शक्य नव्हतं. माइककडे जाणं त्याहून शक्य नव्हतं. मार्लिस माझ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं कळलेलं होतं.

मी हात खिशातून काढला आणि टाळ्या वाजवायला लागलो.

आधी बर्निस उठली. मग लायल, गुडघे धरून. मग टेरेसा, आर्व्हिड, बायका, पोरं, सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. या कंपनीत मी सुरू केलेली आणि सगळ्यांनी माझ्या मागून केलेली ही पहिलीच गोष्ट.