ताईचं मशीन

ताई,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, माझ्यासाठी थांबू नकोस. आईच्या ऑपरेशनच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आज गेला, आणि तरी माझ्या खात्यात पैसे उरले! विश्वास बसेना, म्हणून एटीएममध्ये पुन्हा कार्ड घातलं. मागचे काका म्हणाले, "पोरी, बघून बघून वाढत नाहीत ते."

तशीच तुझं तेव्हा ऑपरेशनसाठी विकलेलं शिलाई मशीन परत मागायला दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "गिऱ्हाईक मिळालं नाही. पण तुमची ताई दर महिन्याला येऊन त्याला तेल घालून जाते."

मी तिथेच मशीनचे पैसे मोजून दिले. घरात तू कधी चकार शब्द काढला नाहीस गं!

टेम्पो ठरवायला चाललेय. खिडकीजवळचा पलंग सरकवून ठेव.

छोटी