दुसऱ्या अंतऱ्याला पळणारा कीबोर्ड

१ जानेवारी २०१६, देवणी. सकाळ.

नवी वही. आधी सगळ्यांची प्रकृती विचारून घेतली, मगच पेन उघडला. बायकोला, सरजाबाईला विचारलं, गुडघे कसे हायत. म्हणाली, टँकरचा भोंगा वाजला की पळतेत, बाकी येळेला दुखतेत. म्हणजे बरी आहे. बहिणीची लेक महानंदा आमच्या गायन पार्टीत गाते. तिचा घसा एकदम उत्तम. पार्टीचा ढोलकीवाला नरसिंग, माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्याला खोकला. त्याचा पोरगा पुण्याला बोलवून राहिला म्हणतो. जातोय कुठं! बोअर आटला, त्याची प्रकृती विचारण्यात अर्थ नाही. हार्मोनियम अत्यवस्थ. तीन सूर मुके झाले, भात्याला उंदरानं खिडकी पाडली.

मी स्वतः ठणठणीत.

संकल्प: कीबोर्ड घ्यायचा. डाव्या हातानं पट्टी दाबली की ताल, बास, सगळा साज आपोआप वाजतो, तो. लेकरांच्या खेळण्यातला नको आणि सिनेमावाल्यांचा नको. मधला. एप्रिलात बाबासाहेबांची एकशे पंचविसावी जयंती आहे, स्टेजवर वाजलाच पाहिजे. शिवाय उदगीर जिल्हा होणार हे आता नक्की. हॉटेलात सगळेच म्हणून राहिलेत. नव्या जिल्ह्याची पहिली गायन पार्टी कोणाची? आपली.

५ जानेवारी.

कीबोर्ड कसा पारखावा यावर विचार केला. जन्म गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून गेला, त्यामुळे अवघड वाटलं नाही. दात मोजायचे, चाल बघायची, अंगावरून हात फिरवायचा. आणि मुख्य म्हणजे जोडीला लावून बघायचं. देवणीचा माणूस एकटा बैल पळवून इसार देत नाही. जुन्या बैलाच्या शेजारी जुंपतो, चार फेऱ्या मारतो, मगच बोलतो. तर प्रत्येक दुकानात नरसिंगला ढोलकीसकट न्यायचं.

कंपन्यांची नावं जिभेवर बसेनात. म्हणून आमच्या देवणी जनावरांच्या रंगांची नावं देऊन टाकली. पहिला बालंक्या, दुसरा वानेरा, तिसरा शेवरा.

सरजाबाई म्हणाली, पेटी पाणी भरती का? कलेतलं तिला कळत नाही.

१७ जानेवारी. उदगीर.

बालंक्या बघितला. अंग रुपेरी. दात एकसष्ट, एकही हलत नाही. नरसिंग शेजारी बसला, मी गाणं धरलं. वा! दुकानातली माणसं थांबली. दोन्ही अंतरे असे बसले की जणू जन्मभराची जोडी.

मग दुकानदारानं त्याच्या आतली ढोलकी लावली. मुखडा ठीक. पहिला अंतरा ठीक. दुसऱ्या अंतऱ्याला बेटा पुढं पळाला. पुन्हा लावली, पुन्हा पळाला. चाल खोटी. बालंक्या बाद.

माझ्याकडून चूक होणं शक्य नाही. मी हार्मोनियम स्वतःच शिकलो, गुरू केला नाही. आजपर्यंत एकानंही चूक दाखवलेली नाही.

७ फेब्रुवारी. लातूर.

वानेरा. तोंड काळं, अंग उजळ, आवाजात वजन. दुकानदार सिद्धलिंग भला माणूस. म्हणाला, बसा मामा, पाणी सोडून काय बी मागा. चहा मागितला. तोही पाण्याचाच असतो हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

नरसिंगबरोबर जोडी सुरेख जमली. मग आतली ढोलकी. दुसऱ्या अंतऱ्याला पळाला! दोन वेगळ्या कंपन्या आणि खोड एकच. सिद्धलिंगला स्पष्ट बोललो. तो म्हणाला, मामा, मशीन पळत नसतंय हो, हा लयीचा आकडा बघा, हलला का? मी म्हणालो, आकडा पण कंपनीनंच बसवला ना? त्यानं नरसिंगकडं बघितलं. नरसिंग ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसला होता. ताणायची गरज नव्हती.

माल खपवायला सिद्धलिंग पुढं म्हणाला, ही घ्या मामा, ढोलकीवाल्याची कटकटच मिटली. खोकत न्हाई, पान मागत न्हाई, रुसत न्हाई. मी लई हसलो. नरसिंगही हसला, पण जरा मागून. ढोलकीवाला असून हसायला उशीर!

बसमध्ये नरसिंग सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसला. उन्हाचा त्रास असावा.

९ फेब्रुवारी.

मोठी गोष्ट ध्यानात आली. नरसिंग शेजारी बसला की कुठलाही कीबोर्ड उत्तमच वाटतो. अशानं पारख कशी व्हायची? नरसिंगमुळं तुलना बिघडून राहिली. नांदेडला एकट्यानंच जायचं. त्याला तसं सांगितलं. आपल्या लोकांत आडपडदा नको. तो म्हणाला, हाव, बरोबर हाय तुझं.

समजूतदार माणूस.

२८ फेब्रुवारी. नांदेड.

शेवरा. अंगभर लाल-हिरव्या दिव्यांचे ठिपके. आत कव्वालीपासून लेझीमपर्यंत सगळं. पण हा पहिल्याच अंतऱ्याला पळाला. तिघांत सगळ्यात उधळ्या.

दुकानदारानं थोड्या वेळानं मला कानाला लावायचा हेडफोन दिला. बाकी गिऱ्हाइकांना दिला नाही. जाणकार माणूस लगेच ओळखू येतो.

घरी आलो तर कळलं, नरसिंग येऊन बसून गेला. सरजाबाईला विचारत होता, जयंतीला मी लागतो का ते ग्यानोबाला इचारा. मी म्हणालो, लागतो म्हणजे? पहिल्या रांगेत खुर्ची टाकू. शाल, नारळ, सत्कार करू. सरजाबाई म्हणाली, चालत्या हाताच्या माणसाला शाल घालून खुर्चीत बशिवतेत व्हय? तुमची अक्कल छावणीत बांधून आलात का काय?

चारा छावणीत आमची गाय आहे, अक्कल नाही. पण वाद वाढवला नाही.

६ मार्च. लातूर.

वानेरा घेतला. तिघांत याचीच खोड सगळ्यात उशिरा दिसते. सरावानं माणसाळेल. उधळा गोऱ्हाही नांगराला लागतोच की.

येताना बसमध्ये खिडकीजवळ बसवला. शेजारच्या बाईनं विचारलं, पेशंट हाय का? म्हणालो, न्हाई बाई, कलाकार हाय. तिच्या मांडीवर दोन रिकाम्या घागरी. लातूरला लेकीकडं पाण्याला गेली होती, तशीच परत निघाली. लेकीकडंच नव्हतं.

हॉटेलात जिल्ह्याची चौकशी केली. फाईल हलली म्हणतात.

२० मार्च.

नरसिंग आला. पायात बूट, हातात पिशवी, पाठीला ढोलकी. म्हणाला, पाऊस पडस्तोर पोराकडं जातो, वॉचमनचं काम हाय. ढोलकी तुझ्याकडं ठेव, तिकडं एका खोलीत सहा माणसं, तिला कुठं टेकवू?

मी म्हणालो, जायच्या आधी वानेऱ्याची ढोलकी तर ऐक. लावली. मी वाजवायला लागलो. नरसिंग डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरून होता. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. दुसऱ्याला त्याची बोटं सावकाश झाली, मग मशीनकडं दचकून बघितल्यासारखी थांबली. म्हणाला, ग्यानोबा, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी जरा दम घेत जा. मी म्हणालो, माझा दम चांगलाय, खोकला तुला आहे.

हसला. या खेपेला वेळेवर.

संध्याकाळच्या बसनं गेला. महानंदा दारात उभी राहून डोळे पुसत होती. चूल नीट पेटत नसावी. सरजाबाई माझ्याशी बोलली नाही. तिचे गुडघे दुखत असावेत.

३ एप्रिल.

सराव. पळतो.

महानंदा दमून खाली बसली. म्हणाली, मामा, रागावू नका. नरसिंगकाका दुसऱ्या अंतऱ्याला ढोलकी हळू करायचे. तुमची बोटं यायची वाट बघायचे. मला डोळ्यांनी सांगायचे, थांब, म्हाताऱ्याला येऊ दे. मग आपण तिघं मिळून पुढं जायचो.

मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, मी गायला लागले तवापासून तर बघून राहिले.

पोरीचे कान तपासून घेतले पाहिजेत. कोरड्या हवेचा परिणाम कानावर होतो.

संकल्प: रोज पहाटे सराव.

४ एप्रिल.

पहाटे टँकर आला. सराव झाला नाही.

१२ एप्रिल.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणे. लोक फलाटावर जाऊन डबे बघून राहिले. आमच्याकडं रेल्वेचा रूळ नाही, त्यामुळं अपेक्षा नाही. जिल्ह्याचं विचारलं तर हॉटेलवाला म्हणाला, आता पुढल्या वर्षी बघा मामा. कप विसळायला पाणी नाही म्हणून मला कागदी कप दिला.

नरसिंगच्या गल्लीत सात घरांना कुलूप. जयंती समितीचे शेषेराव वर्गणीला गेले नि कड्या वाजवून परत आले. तरी स्टेज मोठं बांधलंय. निळ्या झेंड्यांनी गाव भरलं. माणसांनी भरायचं तेवढं राहिलं.

मशीनला सायंकाळी समजावून सांगितलं. हसण्यासारखं काही नाही, जनावराशीही आपण बोलतोच.

१५ एप्रिल. दुपार.

काल जयंती झाली. खरं तेच लिहितो.

वंदना झाली, मिरवणूक झाली. आमचं गाणं सुरू झालं. पहिला अंतरा देखणा. दुसऱ्याला वानेरा पळाला. महानंदा सवयीनं माझ्यासाठी थांबली. मी तिला गाठायला गेलो. मशीन कोणासाठीच थांबलं नाही. शेवटी मी दोन्ही हात उचलले. तरी ते चालूच. बंद करायचं बटण सापडेना. बघितलं तर खाली पोरं नाचायला लागलेली. शेषेराव कानाशी येऊन म्हणाले, असू द्या मामा, मस्त वाजून राहिलं, तुमी या खाली.

मी उतरलो. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, शाल टाकलेली. नरसिंगसाठी मीच ठेवायला सांगितली होती, पाहुणा म्हणून आला तर बरं. तिथंच बसलो. कोणीतरी शाल माझ्याच अंगावर घातली आणि टाळ्या वाजवल्या.

वर वानेरा एकटा वाजत होता. त्याची चूक काढायला बसलो होतो. एकही निघाली नाही.

रात्रभर नरसिंगची ढोलकी कोपऱ्यात दिसत राहिली. सकाळी फोन लावला, बंद. पुण्याचा पत्ता सरजाबाईला विचारला. म्हणाली, तुमी तवा इचारला न्हाई, मी बी न्हाई. म्हणून पत्र सध्या इथंच लिहून ठेवतो. पत्ता मिळाला की उतरवून टाकीन.

प्रिय नरसिंग, खोकला कसा आहे? पोरगा, सून, नात कशी आहेत? वॉचमनला बसायला खुर्ची देतात का? इकडं सरजाबाई बरी आहे, आज दोन शब्द बोलली. महानंदाचा घसा बरा आहे, पण गात नाही. गाय छावणीत बरी आहे. तुझी ढोलकी सावलीत ठेवली आहे, पान ढिलं पडू दिलं नाही. मी ठणठणीत.

कीबोर्ड घेतला तो चांगला निघाला. तिन्ही चांगलेच होते म्हण. एकच उणीव आहे, ती दुकानदाराला दुरुस्त करता येत नाही. त्याला वाट बघता येत नाही. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी थोडं थांबायचं असतं, मागून कोणीतरी येत असतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. तू येऊन तेवढं शिकव. पाऊस पडला नाही तरी ये.

उत्तर लवकर पाठव. मी वाट बघून राहिलो. मला ते येतं का ते माहीत नाही, पण बघून राहिलो.

तुझा,
ग्यानोबा