मीटर काढल्यानंतरचा उजेड

हट्टा, ९ एप्रिल २००६, रविवार
बोर्डाचा माणूस येऊन मीटर काढून घेऊन गेला. आता पत्र्यावर सोलर पॅनल, खाली बॅटरी, ओसरीत दिवा. एक मेच्या ग्रामसभेत गावभर सौर दिव्यांचा ठराव मांडणार. शेजारचा संतराम गिरणीवाला म्हणे, गुरुजी, त्या पाटीवर माझी गिरणी फिरवून दाखवा. अडाणी! तेवीस वर्षं विज्ञान शिकवतोय मी. जाहीर करून टाकलं: या घरात पुन्हा बोर्डाची वीज दिसली, तर ठराव मागे घेईन.

१४ एप्रिल
पत्र्यावर चढलं की गरगरतं, म्हणून पॅनल पुसायचं काम साधनाकडे. रोज उत्साहाने वर जाते. यंदा कुरडया फार छान वाळल्या, वर कोंबड्यांची तकलीफ न्हाई, म्हणाली. अशी बायको नशिबानेच मिळते.

१८ एप्रिल, सायं. ७
ऊन त्रेचाळीस अंश, दिवा काजव्याएवढा. दोष बॅटरीचा. कंपनीला कडक पत्र.

२० एप्रिल
दिवा मेला. ग्रामसभा अकरा दिवसांवर. झोप नाही.

२२ एप्रिल
दिवा लख्ख! पत्राचा धाक. साधनाने बल्बही बदललाय म्हणे.

२६ एप्रिल
निरीक्षण: लोडशेडिंग होऊन संतरामची गिरणी थांबली, की त्याच क्षणी आपला दिवाही जातो. गिरणीच्या कंपनांनी बॅटरी चार्ज होत असावी. लेख लिहिणे.

१ मे, सोमवार
सायंकाळी ग्रामसभा आमच्या ओसरीसमोर. माझं भाषण जोरात. संतरामने विचारलं, पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ राहिलं तर? मी दिव्याकडे बोट दाखवलं. नेमकी गावाची वीज गेली. दिवाही गेला. सरपंच भिकाबाईंनी विचारलं, गुरुजी, सूर्यालाबी लोडशेडिंग हाय का? लोक पोट धरून हसले. ठराव मागे.

२ मे
साधनाने कबूल केलं. तीन आठवडे पॅनलवर धोतर अंथरून कुरडया, शेवया, पापड. बॅटरी मेल्यावर माझं तोंड बघवेना, म्हणून गिरणीतून वायर ओढून घेतली. वायर संतरामने स्वतः जोडली. तुमची मान खाली जाऊ न्हाई म्हणून केलं, म्हणाली. गावात सगळ्यांना माहीत होतं! ज्यांच्या लेकरांना मी शिकवलं, ते दहा दिवस ओसरीत बसून दिव्याचं कौतुक करत होते. सगळ्यात जास्त संतराम. फार लागलं. सूर्याबद्दल तक्रार नाही, तो परका. घरच्यांनी फसवलं. साधनाशी बोलणं बंद.

४ मे
वसमतला जाऊन नव्या मीटरचा अर्ज आणला. कारणाच्या रकान्यात 'संशोधन' लिहिलं. शेजाऱ्याची सही लागते. संतरामने न वाचता केली. मीटर येईस्तोवर वायर राहू द्या म्हणाला.
ठणकावून नको म्हणणार होतो.
व्हय म्हणालो.